गंगेतील सूंस आणि कृष्णेतील डोह

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. 'भारताचा राष्ट्रीय जलचर कोणता?' या प्रश्नाचे 'गंगा डॉल्फिन' हे उत्तर २००९ नंतर मी मुलांकडून किती वेळा पाठ करून घेतले असेल, याची गणती नाही. तो प्राणी मात्र मी पहिल्यांदा गेल्या हिवाळ्यात पाहिला. नातेवाइकांच्या निमित्ताने बिहारमध्ये भागलपूरला जाणे झाले आणि दोन सकाळी गंगेवर होडीतून फिरता आले. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य म्हणून राखलेला आहे.

धुके होते. दिसण्याआधी ती ऐकू आली. श्वास सोडल्याचा एक आवाज आला, आणि त्याच आवाजावरून तिकडचे लोक तिला सूंस म्हणतात. मग करड्या रंगाची पाठ आणि लांब, निमुळती चोच क्षणभर पाण्यावर आली आणि गेली. समुद्रातील डॉल्फिनसारखी ती उड्या मारून दाखवत नाही. श्वासापुरती वर येते, एवढेच तिचे दर्शन.

माझ्या मनात घर करून राहिली ती मात्र होडीवाल्याची एक गोष्ट. त्याने आम्हाला नदीच्या मध्यावर नेलेच नाही. जिथे एक लहान नदी गंगेला मिळत होती, तिथे त्याने होडी थांबवली, आणि नंतर जिथे पात्र वळते व बाहेरचा काठ खोल कापला जातो, तिथे. अशा ठिकाणी पाणी मागे फिरते आणि मोठे, संथ भोवरे तयार होतात. प्रवाहात सतत पोहण्याचे श्रम तिथे वाचतात, मासे तिथे गोळा होतात आणि उन्हाळ्यात बाकीचे पात्र आटले तरी तिथली खोली टिकते. तो हिंदीत समजावून सांगत होता आणि माझ्या मनात एकच मराठी शब्द येत होता: डोह.

या प्राण्याच्या डोळ्यात भिंग नसते. उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा त्याला कळत असावा. गढूळ पाण्यात हजारो वर्षे राहिलेल्या या जिवाने डोळ्यांचे काम कानांवर सोपवले आहे. तो सतत सूक्ष्म 'टक् टक्' आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा, तळ, काठ ओळखतो. अनेकदा तो कुशीवर पोहतो. मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा एकाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे एखाद्या पट्ट्यात वर्षाला चार-पाच माद्या जाळ्यांत अडकून मेल्या, तरी ती तूट भरून यायला बराच काळ लागतो.

मार्च २०२५ मध्ये देशातील नदी-डॉल्फिनची पहिली सर्वंकष गणना जाहीर झाली. आठ राज्यांतील २८ नद्यांच्या ८,५०० किलोमीटरहून अधिक पात्रात होड्यांतून पाहून आणि पाण्याखालचे आवाज टिपून ती झाली. एकूण ६,३२७ डॉल्फिनचा अंदाज निघाला. त्यांपैकी उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारमध्ये २,२२० आहेत. गंगा डॉल्फिनचे भाऊबंद असलेले सिंधू डॉल्फिन पंजाबातील बियास नदीत फक्त तीन उरले आहेत.

कृष्णेत डॉल्फिन नाही आणि कधी असल्याची नोंदही नाही, मग सांगलीच्या माणसाने हा धागा का काढावा, असे कोणी विचारील. सूंस ज्याच्या आधाराने जगते ते डोह, संगम, वळणे आणि वाहते पाणी आपल्याकडेही होते. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. या डोहांमध्ये मगर, पाणमांजर, कासव, महाशीर, वाम, मरळ यांची घरे होती. ती आज कोणत्या स्थितीत आहेत, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. आपापल्या गावच्या डोहाविषयी जे प्रत्यक्ष पाहिले असेल, ते लिहावे ही विनंती.

---

मळीरान (कसबे डिग्रज)

ताई, धागा वाचून दोन दिवस विचार करत होतो.

आमच्याकडे मळी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे पुराने आणलेल्या गाळाची नदीकाठची जमीन. त्या मळीवर आमच्या घराच्या तीन पिढ्या जगल्या. दुसरी मळी (मोलॅसिस) साखर कारखान्यातून निघते. मी स्वतः ऊस लावतो, कारखान्याला घालतो, त्याच पैशातून मुलांची शिक्षणे झाली आहेत. त्यामुळे पुढे लिहितो ते कारखानदारीच्या द्वेषाने लिहीत नाही, हे आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी मी पहाटे मोटर सुरू करायला नदीवर गेलो, तेव्हा पाण्याला चहासारखा रंग आला होता आणि काठाला मासे तडफडत होते. लहान मासे आधी मेले होते. मोठे तोंड वर काढून हवा घेत होते. वाम सहसा तळ सोडत नाही, ती काठावर आली होती. दुपारपर्यंत पांढऱ्या पोटांचा थर पाण्यावर साचला. लोक पाट्या घेऊन मासे गोळा करायला आले. ते खाऊ नका असे सांगावे लागले. हे सांडपाणी कोणाचे होते, हे मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मात्र त्यानंतर एका पावसाळ्यात तसेच पुन्हा घडले.

आपण बियास नदीचा उल्लेख केला आहे. मे २०१८ मध्ये त्या नदीत काय झाले, ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवे. गुरदासपूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यातून मळी नदीत गेली आणि खालच्या पात्रात असंख्य मासे मेले. मळी हे तसे विष नव्हे. ती गोड असते, म्हणून पाण्यातले जिवाणू तिच्यावर झपाट्याने वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मासे गुदमरून मरतात. डॉल्फिन हवेतून श्वास घेतो, तो तेव्हा गुदमरत नाही; पण त्याचे अन्न एका रात्रीत संपते. भारतातले शेवटचे सिंधू डॉल्फिन त्याच नदीत आहेत. एका टाकीतून गळालेल्या मळीने एका जातीचा देशातला शेवटचा आसरा धोक्यात येऊ शकतो, हे वाचल्यापासून आमच्या नदीतल्या त्या सकाळीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

---

नववाचक (मिरज)

मी महाविद्यालयात शिकतो. माझी एक प्रामाणिक शंका आहे. चित्ते जसे बाहेरून आणून सोडले, तसे काही डॉल्फिन कोयनेच्या शिवसागर जलाशयात आणून जपता येणार नाहीत का? तिथे पाणी भरपूर आहे आणि आजूबाजूला अभयारण्यही आहे. शिवाय असा प्राणी इथे आला, तर लोकांचे नदीकडे लक्ष जाईल असे वाटते.

---

कृष्णाकाठ (सांगली)

शंका विचारलीत हे बरे केलेत, कारण ती अनेकांच्या मनात येते.

गंगा डॉल्फिन गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या खोऱ्यातला आहे. त्याचा भाऊबंद सिंधूच्या खोऱ्यात आहे. दख्खनच्या नद्या त्यांच्या कधीच नव्हत्या. जलाशयात पाणी भरपूर असते, पण त्याला वाहते अंग नसते, आणि या प्राण्याचे सारे जगणे वाहत्या पाण्याच्या हालचालीशी बांधलेले आहे. शिवाय परका मोठा शिकारी प्राणी आणून सोडला, तर कोयनेतल्या माशांवर त्याचा काय परिणाम होईल, हाही प्रश्न उरतोच.

एक जुनी हकिकत सांगते. चीनच्या यांगत्से नदीत बैजी नावाचा डॉल्फिन होता. १९८० मध्ये जखमी झालेला एक नर वूहान येथील संस्थेत आणला गेला. त्याचे नाव ची-ची. शास्त्रज्ञांनी त्याला बरे केले, २२ वर्षे सांभाळले, जोडीदार मिळावी म्हणून प्रयत्न केले. २००२ मध्ये तो एकटाच मेला. २००६ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी यांगत्सेचे पात्र आठवडेच्या आठवडे पालथे घातले, तेव्हा एकही बैजी सापडला नाही. टाकीतल्या त्या एका जिवावर इतकी माया केली गेली आणि त्याच काळात बाहेरच्या नदीत बोटींची वाहतूक, गळ-जाळी, धरणे आणि सांडपाणी वाढत राहिले.

त्याच नदीत एक लहान, पाठीवर पर नसलेला शिंशुक, म्हणजे डॉल्फिनचाच एक नातलग, राहतो. १ जानेवारी २०२१ पासून चीनने यांगत्सेवर दहा वर्षांची मासेमारी बंदी घातली. २०१७ च्या गणनेत या प्राण्यांची संख्या सुमारे १,०१२ होती. २०२२ मध्ये ती १,२४९ झाली. तेव्हा वाट उलटी आहे. प्राणी उचलून आणल्याने नदी सुधारत नाही. नदीवरचा भार कमी केला की तिच्यात जे उरले आहे ते सावरू लागते. लोकांचे लक्ष जावे असा प्राणी आपल्याला हवा असेल, तर तो, म्हणजे मगर, औदुंबर-भिलवडीच्या काठावर ऊन खात पडलेला आहे.

---

संगम माहुली (सातारा)

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि हयात बंधाऱ्यांवर काढली. धागाकर्त्या ताईंनी डोह हा शब्द वापरला, त्याला जोडून दुसरा शब्द सांगतो: उतार. नदी जिथे खडकावरून पसरट, उथळ वाहते आणि जिथून जुन्या काळी माणसे-बैलगाड्या पलीकडे जात, तो उतार. मोकळी नदी म्हणजे उतार, डोह, पुन्हा उतार, पुन्हा डोह अशी साखळी असते. उतारावर पाणी खडकांवर आपटते, त्यात हवा मिसळते. हे प्राणवायूने भरलेले पाणी पुढच्या डोहात जाते. डोहातला मासा उतारावर चरतो, उताराच्या खडीत अंडी घालतो आणि उन्हाळ्यात डोहात परततो. यांतला एक गेला की दुसरा फार दिवस टिकत नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा या साखळीला काय करतो, ते पाहा. दगडी खांबांच्या खाचांमध्ये पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढतात. बहे, नागठाणे, म्हैसाळ अशा बंधाऱ्यांमागे नदी कित्येक किलोमीटर फुगून उभी राहते. वरून पाहणाऱ्याला पाणी काठोकाठ दिसते आणि नदी भरलेली आहे असे वाटते. प्रत्यक्षात उतार बुडालेले असतात, पाणी थांबलेले असते, आणि थांबलेल्या पाण्यात गाळ तळाशी बसतो. तो आधी डोहातच बसतो, कारण सर्वांत खोल जागा तीच. गावांचे सांडपाणीही तिथेच मुरते. तळाचा प्राणवायू कमी होत जातो. मग कोणी वरून एकदम पाणी सोडले किंवा पहिला मोठा पाऊस झाला की हे साचलेले सारे एकगठ्ठा खाली सरकते. मळीरान यांनी वर्णन केलेल्या सकाळी अशा वेळी येतात, असे माझे निरीक्षण आहे. बंधाऱ्यांनी या भागाला पाणी दिले, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः ते काम केले आहे. पण आम्ही पाणी मोजताना साठा मोजला, प्रवाह मोजला नाही, ही आमच्या पिढीची चूक मला मान्य आहे.

सिंधूवर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९३२ मध्ये सक्करचा आणि १९६२ मध्ये गुड्डूचा बराज, म्हणजे दारे असलेला मोठा बंधारा, झाला. असे एकामागून एक बराज होत गेले, तसे सिंधू डॉल्फिनचे जुने क्षेत्र तुकड्यातुकड्यांत विभागले आणि त्याचा सुमारे चार पंचमांश भाग त्याने गमावला. आज पाकिस्तानातील त्यांची बहुसंख्या गुड्डू आणि सक्कर यांच्या मधल्या पात्रात आहे. कालव्यात शिरलेले डॉल्फिन कालवा बंद झाला की अडकतात. त्यांना झोळीतून उचलून पुन्हा नदीत सोडावे लागते. मात्र सिंधमध्ये शिकारीवर बंदी आणि ही सुटका चालू राहिल्याने तिथली संख्या वाढली आहे. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बराज सुरू झाला आणि तिथेही वरची-खालची नदी तुटली.

आपल्याकडे उन्हाळ्यात कृष्णेत जे पाणी दिसते, त्यात कोयनेच्या विसर्गाचा वाटा मोठा आहे. त्याच कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची तरतूद आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांची मागणी वेगळी. या सगळ्या हिशेबात मासा आणि मगर यांच्या नावावर काही पाणी लिहिलेले मला नोकरीत कधी दिसले नाही. गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या गंगेत नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे मध्ये २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी सोडलेच पाहिजे, अशी ती अट आहे. ती पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण महिनावार आकडा लिहिला गेला, म्हणून वाद तरी करता येतो. कृष्णेच्या प्रत्येक बंधाऱ्यासाठी असा आकडा लिहिला जावा, एवढी माझी मागणी आहे. चार-दोन बर्गे तळापासून कायम उघडे ठेवणे किंवा माशांसाठी बाजूने उताराची वाट बांधणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मृगाच्या पहिल्या पाण्याला चढणीचे मासे येतात, तेव्हा बर्गे निघालेले असावेत, एवढे वेळापत्रक जरी पाळले तरी फरक पडेल.

---

होडी (हरिपूर)

आम्ही भोई. वारणा-कृष्णेच्या संगमावर आमच्या आज्यापासून मासेमारी आहे. हा धागा माझ्या पुतण्याने वाचून दाखवला आणि मी सांगतो तसे तोच लिहून देत आहे.

संगमाच्या डोहात पूर्वी दोन पुरुष पाणी उन्हाळ्यातही असायचे. आता तळाला पाय लागतो आणि तो गाळात रुततो. वाळू उपसली तिथे खड्डे आहेत, पण खड्डा आणि डोह एक नव्हे. डोहाला खडकाचा आधार असतो, कपारी असतात, तिथे मासा लपतो. वाळूच्या खड्ड्यात लपायला काही नसते आणि पुढच्या पुरात काठ त्यात ढासळतो. आमच्या जाळ्यात आता चिलापी (तिलापिया) हा बाहेरून आलेला मासा जास्त येतो. महाशीर मी शेवटचा कधी पाहिला ते सांगता येत नाही.

जाळ्याविषयी लिहिले जाईल, म्हणून आधीच सांगतो. तंगुसाचे (नायलॉनच्या धाग्याचे) बारीक जाळे रात्रभर लावून ठेवले की त्यात कासव अडकते, पाणमांजराचे पिल्लू अडकते आणि वर येता न आल्याने बुडून मरते. हे खरे आहे आणि आम्हाला त्याचे वाईट वाटते. फेकजाळ्यात तसे होत नाही, कारण माणूस जाळ्याजवळच असतो. पण बाहेरून येऊन जिलेटिनचा स्फोट करून डोहातले लहानमोठे सगळे एका दमात मारणारे लोक आहेत, त्यांच्याविषयीही लिहावे. नदी राखायची म्हणून पहिल्यांदा आमचीच होडी बंद केली, तर डोहावर नजर ठेवायला कोणी राहणार नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

काका, आपले शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते.

मी पाहिलेल्या त्या पट्ट्याचा इतिहासही हेच सांगतो. सुलतानगंजपासून पुढच्या गंगेवर पिढ्यानपिढ्या पाण्याची जमीनदारी होती. मासेमारी करणाऱ्यांना नदीत जाळे टाकण्यासाठी पाणीदारांना पैसे मोजावे लागत. त्याविरुद्ध १९८२ मध्ये कहलगावला गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले आणि दीर्घ लढ्यानंतर ती जमीनदारी गेली. त्याच पात्रावर अभयारण्यही जाहीर झाले. एका जागेवर कोळ्यांचा हक्क आणि डॉल्फिनचे संरक्षण असे दोन्ही आले, आणि त्या दोहोंचा मेळ घालण्याचे काम अजूनही चालू आहे. आमचा होडीवाला त्याच समाजातला होता. सूंस कुठे आहे, हे त्याला आमच्या पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक होते.

मेळ घालण्याचे एक चांगले उदाहरण आहे. गंगेत काही मासे पकडण्यासाठी डॉल्फिनचे तेल आमिष म्हणून वापरत आणि त्यासाठी डॉल्फिन मारले जात. पाटण्याचे प्राध्यापक रवींद्र कुमार सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेलही तेच काम करते, हे दाखवून दिले. बंदीचा कागद १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून होताच. त्यांनी मासेमाराच्या हातात दुसरे तेल दिले.

---

डोहकाठ (औदुंबर)

मगरींविषयी लिहायचे राहून जाऊ नये. सूंस माणसाला काही करत नाही, म्हणून तिच्याविषयी माया वाटणे सोपे आहे. मगरीचे तसे नाही. आमच्या भागात नदीवर कपडे धुणाऱ्या, पोहणाऱ्या आणि जनावरे धुणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आहेत, त्यात जीव गेले आहेत. २०१९ च्या महापुरात मगरी वस्तीच्या पाण्यात आल्या, तेव्हाची भीती आम्ही विसरलेलो नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यासमोर संवर्धनाची भाषा जपून वापरावी लागते.

तरीही काठाच्या मातीत तिची बिळे असतात, त्याच काठावर ती अंडी घालते, आणि ऊस पार पाण्याच्या कडेपर्यंत लावून आपण तो काठ संपवला आहे. काठ नसलेली मगर घाटाजवळ येणारच. पाणवठ्याला लोखंडी जाळीचे कुंपण, जनावरांसाठी वेगळी हौदाची सोय आणि वीणीच्या काळात, म्हणजे फेब्रुवारी ते मे, ठरावीक काठ मोकळा सोडणे, ही मागणी आम्ही ग्रामसभेत मांडली आहे. पहिल्या दोन गोष्टींना सर्वांचा पाठिंबा मिळाला. तिसरीवर अजून एकमत नाही, कारण तो काठ कोणाच्या तरी मालकीचा आहे आणि त्याला भरपाई कोण देणार, हे ठरलेले नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली)

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून एक काम ठरवावे असे सुचवते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून म्हैसाळपर्यंतच्या प्रत्येक गावातील डोहांची नोंद करू: डोहाचे नाव, जुन्या माणसांनी सांगितलेली खोली, आज दोरीला दगड बांधून मोजलेली खोली, तळ खडकाचा की गाळाचा, आणि गेल्या वर्षभरात तिथे दिसलेले प्राणी. खोली वर्षातून दोनदा मोजावी, एकदा बर्गे बसवण्यापूर्वी आणि एकदा ते बसवून पाणी साठल्यावर, म्हणजे साठ्याचे पाणी आणि डोहाचे पाणी यांतला फरक कळेल. महाशीर किंवा पाणमांजराची नेमकी जागा इथे उघडपणे लिहू नये. जिलेटिनवाले लोकही वाचतात. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून महाशीर पिढ्यानपिढ्या राखले गेले. आपल्या काठावर अशी देवाची राखण असलेली एखादी जागा कोणाला माहीत असेल, तर तीही नोंदवावी.

---

संगम माहुली (सातारा)

मोजणीची पद्धत आणि तक्त्याचा नमुना मी तयार करून देतो. खोलीबरोबर पाण्याच्या पातळीचा त्या दिवसाचा आकडा लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर दोन मोजण्यांची तुलना होणार नाही.

---

होडी (हरिपूर)

संगमाचा डोह आम्ही मोजतो. दसऱ्यानंतर, बर्गे पडायच्या आधी, पहाटे या. होडीत चार माणसे बसतात.

---

नववाचक (मिरज)

त्यांपैकी एक जागा माझ्यासाठी ठेवावी. दोरीवर मीटरच्या खुणा करून मी घेऊन येतो.